दोन्ही डोळे एकाच दिवशी? आधी पापण्यांकडे बघा

पत्र: माझं वय ७१. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लहानपणापासून दोन्हीकडे उणे सहाच्या आसपास नंबर. ह्यांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी आहे. त्यांना उठवणं-बसवणं, औषधं, सगळं माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळे एकाच दिवशी करून टाकू, दोनदा धावपळ नको. पुढच्या गुरुवारची तारीख दिली आहे. मुलगी म्हणते, करून टाक. मुलगा म्हणतो, काही बिघडलं तर एकदम दोन्ही जातील, एकेक कर. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे. मला दिसतं तसं, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि औषधांच्या पट्ट्यांवरची नावं आता चष्मा काढूनही वाचता येत नाहीत. सकाळी डोळे चिकटलेले असतात, कोमट पाण्याने पुसून घेते, पण तो त्रास जुनाच आहे. खरं सांगा, दोन्ही एकदम करणं सुरक्षित आहे का?

उत्तर:

ताई, गुरुवारची तारीख पुढे ढकला.

ऑपरेशन करू नका असं मी म्हणत नाही, आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी करू नका असंही म्हणत नाही. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर माझी नजर अडकली: सकाळी डोळे चिकटलेले असतात. मुलं ज्या प्रश्नावरून भांडताहेत, त्याच्या आधी हा प्रश्न येतो, आणि डॉक्टरांना तुम्ही हे सांगितलेलं नसावं असं मला वाटतं. जुना त्रास आपण सांगायचाच विसरतो.

सकाळी पापण्या चिकटणं, कडांवर कोंड्यासारखे पापुद्रे दिसणं, डोळे चुरचुरणं हा बहुतेक वेळा पापण्यांच्या कडांचा जुना दाह असतो. एरवी त्याने फारसं काही अडत नाही. ऑपरेशनच्या दिवशी मात्र तो महत्त्वाचा ठरतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर क्वचित डोळ्याच्या आत संसर्ग होतो. त्याचे जंतू पुष्कळदा त्या माणसाच्याच पापण्यांवर राहणारे असतात. पापण्या सुजलेल्या, चिकट असतील तर तिथे त्यांची गर्दी जास्त. एक डोळा असो की दोन, अशा पापण्या असताना ऑपरेशन करू नये. दोन्ही एकाच दिवशी तर नाहीच नाही.

उपाय साधा आहे, फक्त चिकाटी हवी. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं गरम, ओल्या स्वच्छ कापडाचा शेक, मग कडा हलक्या हाताने पुसणं, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर त्यांनी दिलेलं मलम. काही आठवड्यांत पापण्या शांत होतात. डोळ्यांतून सतत पाणी येतं का, नाकाजवळच्या कोपऱ्यात दाबल्यावर चिकट घाण येते का, हेही बघा. येत असेल तर अश्रूंच्या पिशवीत जुना संसर्ग असू शकतो आणि त्याचा उपचार आधी. आणखी एक: पापण्या बिघडलेल्या असताना डोळ्यावरचा अश्रूंचा थर एकसारखा नसतो, त्यामुळे लेन्सच्या नंबरासाठी घेतलेली मापंही चुकू शकतात. म्हणून पापण्या बऱ्या झाल्यावर मापं पुन्हा घ्यायला सांगा. मोतीबिंदू कुठे पळून जात नाही. तुमच्यासारख्या डोळ्यांना महिना-दीड महिना उशीर झाल्याने नुकसान होत नाही.

आता मुलांच्या भांडणाकडे येऊ.

मुलाची भीती खुळी नाही. मी शस्त्रक्रिया शिकलो तेव्हा एका दिवशी एकच डोळा हा नियम होता, आणि त्यावर कुणी प्रश्नही विचारत नसे. पहिला डोळा पूर्ण बरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. कारण तुमचा मुलगा सांगतो तेच: आत पू झाला तर एक तरी डोळा शाबूत राहील. तेव्हा मोतीबिंदू अख्खा बाहेर काढावा लागे, त्यासाठी दहा-बारा मिलिमीटरचा छेद, वर टाके, आणि जखम भरायला कितीतरी आठवडे.

तेव्हापासून बरंच बदललं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घ्यायची पद्धत आणली, आज तिला सगळे फेको म्हणतात. आता छेद दोन-अडीच मिलिमीटरचा, बहुतेक वेळा टाक्याशिवाय आपोआप मिटणारा. आणि माझ्या मते त्याहून मोठा बदल म्हणजे ऑपरेशन संपता संपता डोळ्याच्या आतच सोडायचं प्रतिजैविक. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात त्याने संसर्गाचं प्रमाण सुमारे पाच पटींनी घटलं.

दोन्ही डोळे एकाच दिवशी केलेल्या लोकांचं काय? २०११ मध्ये कॅनडातल्या एका नेत्रशल्यचिकित्सकाने अनेक देशांतल्या डॉक्टरांकडून अशा सुमारे ९५ हजार ऑपरेशनांची माहिती गोळा करून छापली. डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडलं होतं तिथे संसर्गाचं प्रमाण सुमारे १४ हजारांत एक होतं, आणि दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी संसर्ग झाल्याची त्यात एकही नोंद नव्हती. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या दहा रुग्णालयांतला अभ्यास आला. त्यात ८६५ रुग्णांपैकी काहींचे दोन्ही डोळे एकाच दिवशी केले, काहींचे वेगवेगळ्या दिवशी, आणि कुणाचं कसं हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. चष्म्याच्या नंबराच्या दृष्टीने एकाच दिवशीचा गट मागे पडला नाही. फिनलंडमध्ये ही पद्धत कित्येक वर्षं रुळलेली आहे. इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही २०१७ मध्ये सांगितलं की ज्यांच्या डोळ्यांत गुंतागुंतीचा धोका कमी आहे त्यांच्यासाठी हा पर्याय विचारात घ्यावा. मुलगीही हवेत बोलत नाही, ताई.

पण दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट निसटते आहे.

समजा एका डोळ्याला संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे. मग दोन्ही डोळ्यांना एकदम होण्याची किती? दहा हजार गुणिले दहा हजार, म्हणजे दहा कोटींत एक. आकडा इतका दिलासा देणारा की माणूस लगेच सही करेल. हा गुणाकार खरा ठरायला मात्र एक अट आहे: दोन डोळ्यांचा एकमेकांशी काही संबंध असता कामा नये. उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या एकाच खेपेत गडबड झाली आणि त्याच खेपेतली उपकरणं दोन्ही डोळ्यांना वापरली, तर गुणाकार कोसळतो. डोळ्यात सोडायच्या द्रवाची एकच बाटली दोन्हीकडे वापरली आणि ती दूषित निघाली, तरी तेच. मग दहा कोटींत एक नव्हे, एकाला जे झालं तेच दुसऱ्याला. वैद्यकीय साहित्यात दोन्ही डोळे एकदम बिघडल्याच्या मोजक्याच नोंदी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी वेगळेपणाचे नियम पाळलेले नव्हते.

म्हणून डॉक्टर "दोन्ही डोळे एकदम" म्हणतात तेव्हा ते "दोन ऑपरेशनं, एकाच दिवशी" असं ऐका. पहिला डोळा झाला की त्याचं सगळं सामान खोलीतून बाहेर जायला हवं. दुसऱ्यासाठी डॉक्टर आणि मदतनीस पुन्हा हात धुणार, नवा गाऊन, नवे हातमोजे. डोळा नव्याने स्वच्छ करून नवं आच्छादन. उपकरणं निर्जंतुकीकरणाच्या वेगळ्या खेपेतली. द्रव, जेल, औषधं शक्य तिथे वेगळ्या उत्पादन-क्रमांकाची, जमल्यास वेगळ्या कंपनीची. आणि पहिल्या डोळ्यात काही अडलं, लेन्सच्या मागचा पातळ पडदा फाटला किंवा डॉक्टरांचं समाधान झालं नाही, तर दुसरा डोळा त्या दिवशी करायचाच नाही. दोन्ही डोळे एकाच दिवशी करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये ही तत्त्वं लिहून काढली.

हे तुम्ही डॉक्टरांना विचारू शकता, आणि विचारलंच पाहिजे. संकोच वाटत असेल तर हा कागद पुढे करा. दोन्ही डोळ्यांना उपकरणांचे वेगळे संच वापरता का? वेगळ्या खेपेतले? डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडता का? पहिल्यात अडचण आली तर थांबता का? ज्या डॉक्टरची ही रोजची पद्धत आहे तो अर्ध्या मिनिटात शांतपणे उत्तरं देईल. उत्तर "अहो, एवढं काही नसतं" असं आलं तर त्या ठिकाणी एकच डोळा करून घ्या. उपकरणांच्या वेगळ्या खेपा ठेवता येत नाहीत असं एखाद्या डॉक्टरने प्रामाणिकपणे सांगितलं, तर त्याच्याकडे एकेक डोळा खुशाल करा, तो चांगलाच डॉक्टर आहे.

काही डोळ्यांना मात्र एकाच दिवशीचा पर्याय मुळातच नसतो: मधुमेहाने डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) खराब झालेला, डोळ्याच्या आत वारंवार दाह होणारे, बुबुळाच्या आतल्या पेशी कमी असलेले, मोतीबिंदू फार पिकलेला किंवा लेन्सला धरणारे धागे सैल, वाढलेला काचबिंदू, पूर्वी नंबर घालवायचं लेसर केलेले. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरी डॉक्टरांना एकदा पक्कं करायला सांगा.

तुमच्या बाबतीत मला संसर्गाइतकाच विचार नंबराचा करावासा वाटतो.

उणे सहाचा डोळा सर्वसाधारण डोळ्यापेक्षा लांब असतो. आत कुठल्या ताकदीची लेन्स बसवायची हे त्या लांबीवरून ठरतं, आणि डोळा जितका लांब तितकी अंदाजात चूक व्हायची शक्यता जास्त. एकेक डोळा केला तर पहिल्याचा निकाल बघून दुसऱ्याची लेन्स थोडी बदलता येते. एकाच दिवशी केले तर ती संधी जाते. नेदरलँड्सच्या त्या अभ्यासात फार लांब आणि फार आखूड डोळे घेतलेच नव्हते, २१ ते २७ मिलिमीटरचेच घेतले होते. तेव्हा तुमच्या मापांच्या कागदावर लांबीचा आकडा बघा. २६च्या आत असेल, दोन्ही डोळ्यांची मापं एकमेकांशी जुळत असतील आणि ती प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राने घेतलेली असतील, तर मी निश्चिंत राहीन. २७च्या पुढे असेल तर मी एकेक डोळा करेन, आणि मध्ये आठवडा नव्हे, पहिल्याचा नंबर स्थिर होईपर्यंत थांबेन. हे मुद्दाम सांगतो, कारण "आठवड्याने दुसरा" हा मधला मार्ग सगळ्यांना पटतो. आठवड्याच्या अंतराने संसर्गाचा धोका वेगळा होतो हे खरं, पण नंबर पूर्ण बसायला काही आठवडे लागू शकतात, त्यामुळे लेन्स बदलायला त्या आठवड्याचा फारसा उपयोग होत नाही.

मग मध्ये मोठं अंतर ठेवलं तर? त्याचाही त्रास आहे, आणि तो तुम्हाला इतरांपेक्षा जास्त होईल. एक डोळा शून्यावर आला आणि दुसरा उणे सहावरच राहिला, तर दोन्हींच्या चित्रांचे आकार जुळत नाहीत. चष्मा घातला तरी चक्कर आल्यासारखं होतं, पायरीचा अंदाज चुकतो. एका लुळ्या माणसाला उठवणाऱ्या बाईने पायरी चुकणं मला अजिबात नको आहे. त्या काळात न केलेल्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालता येते, पण ७१व्या वर्षी, चिकट पापण्यांसह, नव्याने लेन्स घालायला शिकणं सोपं नाही. ह्या एका कारणाने मोठ्या उणे नंबरवाल्यांना एकाच दिवशी ऑपरेशनचा फायदा इतरांपेक्षा जास्त मिळतो. म्हणजे लांब डोळा एका बाजूने नको म्हणतो आणि दुसऱ्या बाजूने हवं म्हणतो. पारडं कुठे झुकतं ते तुमच्या कागदावरचा आकडा सांगेल.

पुढची गोष्ट बहुधा तुम्हाला कुणी विचारली नसेल. तुम्ही लिहिता, पट्ट्यांवरची नावं "आता चष्मा काढूनही" वाचता येत नाहीत. म्हणजे आयुष्यभर तुम्ही चष्मा काढून, वस्तू डोळ्याजवळ आणून बारीक वाचत आलात. उणे नंबरवाल्यांना ही देणगीच असते. ऑपरेशनमध्ये दोन्ही डोळे लांबच्यासाठी शून्यावर आणले तर लांबचं चष्म्याशिवाय छान दिसेल, पण चष्मा काढून वाचणं कायमचं जाईल. जवळच्यासाठी चष्मा लागेलच. माझ्या एका पेशंटबाई, जन्मभर भरतकाम करणाऱ्या, पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर रडत आल्या होत्या. ऑपरेशन उत्तम झालं होतं. सुईत दोरा ओवता येत नव्हता. दुसरा डोळा आम्ही मुद्दाम जवळच्यासाठी, उणे अडीचवर ठेवला आणि त्यांचं काम पुन्हा सुरू झालं. आधी त्यांना विचारायचं राहिलं ही माझी चूक होती. पण दोन्ही डोळे एकाच दिवशी केले असते तर ती सुधारायला जागाच उरली नसती.

तुम्ही एकाच दिवशी करणार असाल तर हा निर्णय आधीच घ्यावा लागेल. डॉक्टरांना सांगा: दिवसभर माझं काम हाताच्या अंतरावर आहे, औषधं, थर्मामीटर, नवऱ्याचा चेहरा. लांबचं बघायला चष्मा लावायची मला सवय आहे. दोन्ही डोळे थोडे उणे ठेवायचे का, की एक लांबचा आणि एक जवळचा? तुमची सवय बघता मी जवळचं राखायच्या बाजूला झुकेन. पण डोळे तुमचे आहेत. लांबचं बिनचष्म्याचं बघायची हौस असेल तर तीही योग्यच.

लांब डोळ्यांचा आणखी एक धोका: ऑपरेशननंतर पडदा सुटायची शक्यता थोडी जास्त असते. म्हणून बाहुल्या मोठ्या करून दोन्ही पडदे काठापर्यंत तपासून घेतलेत ना, हे विचारा.

आता यजमानांबद्दल. "दोनदा धावपळ नको" हे कारण मी हलकं मानत नाही. एकाच दिवशी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा तोच: एकदाच सोबतीला माणूस, एकदाच विश्रांती. फक्त विश्रांती खरंच घ्यायला हवी. भूल बहुधा थेंबांचीच असेल, डोळे बांधून ठेवत नाहीत, पारदर्शक कवच लावून सोडतात. त्याच संध्याकाळी घरात वावरण्याइतकं दिसतं, पण सगळं धुक्यातून बघितल्यासारखं. माणसाला खांद्याचा आधार देऊन उचलणं मात्र पहिले दोन आठवडे बंद. वाकून जोर लावणंही बंद. तेवढे दिवस मुलाने आणि मुलीने आळीपाळीने घरी राहायचं. इतकं भांडताहेत म्हणजे दोघांनाही आई प्यारी आहे. तेव्हा दिवस वाटून घ्यायला त्यांना बसवा. हे जमणार नसेल तर एकेक डोळा करणंच बरं, कारण एका डोळ्याच्या वेळी दुसऱ्याने तुम्हाला नीट बघता तरी येईल. पण उचलण्याची बंदी त्याही वेळी असेल, आणि ती दोनदा असेल.

थोडक्यात माझा कौल असा: पापण्या बऱ्या करा, मापं पुन्हा घ्या. लांबी मर्यादेत असेल, पडदे ठीक असतील आणि डॉक्टरांची उत्तरं पटली, तर एकाच दिवशी करायला माझी हरकत नाही. तुमच्या घरची स्थिती बघता मी तेच सुचवेन. यातलं एकही उत्तर मनासारखं नसेल तर एकेक. आणि सगळी उत्तरं चांगली असूनही मनातली भीती गेली नाही, तर तेवढंही कारण एकेक करायला पुरेसं आहे. तुम्हाला कुणाला समजावत बसायची गरज नाही.

ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, डोळा जास्त लाल झाला, दिसू लागलेलं पुन्हा अंधुक झालं, उजेड सहन होईना, चमका किंवा काळ्या ठिपक्यांचा पाऊस दिसला, तर त्याच तासाला फोन करा. रात्र असली तरी. संसर्ग बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात दिसतो, आणि त्यात सकाळपर्यंत थांबणं महाग पडतं. एका डोळ्यात असं काही वाटलं तर दुसराही त्याच वेळी तपासायला सांगा.

थेंब दिवसातून कितीतरी वेळा, दोन्ही डोळ्यांत, काही आठवडे घालायचे असतात. दोन डोळ्यांना दोन वेगळ्या बाटल्या मागून घ्या आणि एकीची दुसरीकडे वापरू नका. पहिल्या दिवसांत तुम्हाला त्यांच्यावरचं वाचता येणार नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच उजव्या डोळ्याच्या बाटलीला रबरबँड गुंडाळायला मुलीला सांगा. हाताला लागलं की कळेल.